दुसरा घाव

शंभूवर पहिला कोयता चालला तेव्हा माझी नम्रता त्याच्याच गाड्यापाशी तर्री पोहे खात उभी होती. तिघं जण आले, तोंडाला रुमाल बांधून. एकानं गाड्याची काच फोडली, दुसऱ्यानं उकळत्या तर्रीचं पातेलं लाथेनं उलटवलं आणि तिसऱ्यानं शंभूच्या खांद्यावर कोयता घातला. येरवड्यातली भर संध्याकाळ, रस्ता माणसांनी भरलेला. निम्मी माणसं दुकानांत शिरली आणि उरलेल्यांनी मोबाइल काढले. शूटिंग छान आलं म्हणतात.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. आदल्या आठवड्यात याच टोळक्यानं आपल्या कुठल्याशा भाईचा वाढदिवस भर रस्त्यात साजरा केला होता. बुलेटच्या सीटवर केक, कापायला कोयता आणि रील काढायला चार टाळकी. शंभू एवढंच म्हणाला होता, "जरा सरकून कापा ना, तर्री उकळतेय, अंगावर उडेल." अकरावीतला पोरगा, नम्रताच्या वर्गातला. बाप वर्ध्याकडून आलेला. कॉलेज सुटलं की हा त्याच्या गाड्यावर उभा राहतो. भाईला सरकायला सांगितलं म्हणून त्याचा खांदा हाडापर्यंत उघडला.

पडता पडता शंभूनं कोयतेवाल्याच्या तोंडावरचा रुमाल ओढला. चेहरा त्यानं एकट्यानंच पाहिला. नम्रताकडे त्या पोराची पाठ होती. पोरं पळाली ती वाटेतल्या रिक्षांचे हूड फाडत आणि उभ्या गाड्यांच्या काचा फोडत. नम्रता मात्र गुडघ्यांवर बसली, ओढणीची घडी करून जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. सांडलेल्या तर्रीत तिचे गुडघे भाजले, तरी उठली नाही. मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत अर्धी हयात गेली. रक्त दिसलं की रडायचं नाही, दाबायचं, हे मीच तिला शिकवलेलं. त्या दिवशी मला माझाच राग आला.

जिवावर उदार व्हायला मात्र मी शिकवलं नव्हतं. ते काम श्रीनिवास सरांचं. आम्ही ख्रिस्ती, आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ हे सर चालवतात. खराडीत आयटीत नोकरी, गळ्यात गिटार, दाढी राखलेली. पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. "रविवारचा विश्वास सोपा आहे," ते म्हणायचे. "सोमवारी कॉलेजमध्ये, बसमध्ये, नाक्यावर तो दिसला पाहिजे. नाहीतर तो नुसता कॉस्च्युम, गाइज." मग त्यांनी एक टूम काढली. प्रत्येकानं एक माणूस निवडायचा, रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि त्याच्यासाठी काहीतरी करायचं. प्रार्थना झाली की पाय हलले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या पोरांनी सोयीची माणसं निवडली. कोणी आजी, कोणी नीटच्या परीक्षेला बसलेला भाऊ. एकीनं तर मांजर निवडलं. आमच्या बाईसाहेबांनी रविराजला निवडलं.

रविराज हा राधाबाईंचा मुलगा. चर्चमध्ये तबला वाजवायचा. लहानपणी तो आणि नम्रता एकाच चटईवर बसून गाणी पाठ करायचे. गुडघे फुटले की औषध लावायला माझ्याकडे पळत यायचा. "पूर्णिमामावशी, जळणार नाही ना?" बाप गेल्यावर त्याचं चर्च सुटलं, मग कॉलेज सुटलं, आणि एकोणिसाव्या वर्षी तो नाक्यावरचा झाला. कोयता बाळगतो हे कोणालाच माहीत नव्हतं. वाया गेला एवढं सगळ्यांना माहीत होतं. नम्रता येता-जाता त्याच्यापाशी थांबायची. "रविवारी ये की. तबल्याला कोणी नाहीये," म्हणायची. तो हसायचा आणि त्याचे मित्र त्याहून जास्त हसायचे. मला ते अजिबात आवडत नसे. देवाचं नाव पुढे केलं तरी नाका तो नाकाच.

शंभू वाचला. टाके पडले, रक्त चढवलं, पोलिसांनी जबाब घेतला. सोमवारी ते त्याला फोटो दाखवणार होते. पण घरी नेल्यापासून गल्लीत रोज बाइक फिरू लागल्या. दारासमोर यायचं, रेस करायची आणि जायचं. त्याचा बाप नागोराव घाबरून माझ्याकडे आला. "ताई, पोट्ट्याले घरी ठेवू नाही शकत मी. माहा गाववाला मार्केट यार्डात हमाल हाय. लसणाच्या गाळ्यावर माळा हाय, थो म्हणते तेथं ठेव. फक्त तुमाले सांगून रायलो. पट्टी बदलाले याल ना?" मी हो म्हटलं. माझ्याबरोबर नम्रतालाही कळलं, कारण डब्याची पिशवी तीच धरायची.

आता आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. आमच्यात प्रार्थना मोठ्यानं करतात, आणि त्यात देवाला सगळा तपशील देतात. वॉर्ड कुठला, खाट कितवी, डॉक्टर कोण, शुगर किती. देव म्हणजे जणू कुरिअरवाला. जवळची खूण सांगितली नाही तर पार्सल परत घेऊन जाईल. लहानपणापासून हेच ऐकत आल्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी घरप्रार्थना आमच्याकडे होती. दहा-बारा बायका, चार म्हातारे, तरुण संघाची पोरं. नम्रताची पाळी आली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि जीव ओतून प्रार्थना केली. "देवबापा, मार्केट यार्डात लसणाच्या गाळ्याच्या माळ्यावर शंभू एकटा झोपतो, त्याला भीती वाटते, त्याला शांत झोप दे. उद्या दुपारी आई पट्टी बदलेल तेव्हा त्याला दुखू देऊ नकोस. सोमवारी तो चेहरा ओळखायला जाईल तेव्हा त्याला धैर्य दे. आणि रविराजला परत आण." सगळे गहिवरले. सगळ्यांत मोठं आमेन राधाबाईंचं. त्या रडत होत्या. आपल्या मुलाचं नाव अजून कोणीतरी घेतंय, हेच त्यांना पुष्कळ होतं. जाताना म्हणाल्या, "उद्या मी उपास धरते, त्या शंभूसाठी."

शनिवारी यार्डाला सुट्टी असते. एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथे शुकशुकाट होता. शेजारच्या गाळ्यात दोन-तीन हमाल पोत्यांवर झोपले होते. शंभूला उजेडात पट्टी बदलायची म्हणून खाली आणलं आणि एका पोत्यावर बसवलं. मी जुनी पट्टी सोडवत होते, नम्रता त्याला डब्यातला शिरा भरवत होती आणि तो लाजत होता. तेवढ्यात बाहेर दोन बाइक थांबल्या.

अर्ध्या शटरखालून वाकून पहिला आत आला तो रविराज. त्याला पाहून मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, पोरीच्या प्रार्थनेला यश आलं, पोरगा आजाऱ्याला भेटायला आला. इतकी मी हुशार! तो मात्र मला पाहून जागीच थबकला. मागचे दोघं आत आले, त्यातल्या एकानं शटर खाली ओढलं.

"मावशी, तुम्ही बाजूला व्हा," रविराज म्हणाला. आवाज तोच, जळणार नाही ना विचारणारा. मग त्यानं शर्टाखालून, पाठीमागून कोयता काढला.

"हाच," शंभू माझा हात घट्ट धरून म्हणाला. "मावशी, हाच तो."

मी शंभूला मागे ढकललं. पण माझ्याआधी नम्रता पुढे झाली. तिच्या हातात अजून शिऱ्याचा चमचा होता.

"रविराज," ती म्हणाली, "रोज तुझं नाव घेते मी. तुला माहितीये."

"नमू, बाजूला हो."

"नाही होणार."

"तुला काय करायचं नाहीये मला. फक्त तो. तो सोमवारी माझं नाव घेणार आहे."

"मग घेऊ दे. मी येईन तुझ्याबरोबर चौकीत. खरंच येईन."

तो एक क्षण थांबला. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि कोणी विचारलं तर शपथेवर सांगेन. पण मागून एक जण ओरडला, "आयटम दिसली की फाटली काय रे? घाल ना!" आणि रविराजनं घातला. तिच्या डोक्यावरून शंभूवर घातला होता. तिनं हात वर केला. कोयता तिच्या डाव्या मनगटाच्या वर बसला. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. कॅज्युअल्टीत माणसं येतात तोवर तो आवाज होऊन गेलेला असतो. ती ओरडली नाही. खाली बसली, आणि लसणाची सालं तिच्या रक्ताला चिकटली.

यानंतर जे झालं ते मी केलं. पोतं ओढायचा हमालांचा लोखंडी हूक शेजारच्या थप्पीला टोचलेला होता. तो माझ्या हातात कधी आला ते कळलं नाही, पण काय करायचंय ते पक्कं कळत होतं. पूर्ण ताकदीनं मी तो रविराजच्या उजव्या खांद्यात घातला. तो किंचाळला, कोयता फरशीवर पडला आणि सरकत पोत्यांखाली गेला. आवाजानं शेजारचे हमाल उठले, शटर वर झालं. ते मागचे दोन शूर त्यांच्या हातांखालून निसटले आणि बाइकवर बसून पळाले. मित्राकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

रविराज पोत्यांना टेकून खाली घसरला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. माझ्याकडे पाहत त्यानं एक हात वर केला. "मावशी, नको," म्हणाला.

मी ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि हूक त्याच्या मांडीत घातला. नुसता घातला नाही, ओढून काढला. रक्त उसळून आलं. तेव्हा मला बरं वाटलं, भूक लागल्यावर घास पोटात जावा तितकं बरं. मी तिसऱ्यांदा हात उचलला तो मानेसाठी. मानेत शीर कुठे असते ते मला नक्की ठाऊक होतं.

तेवढ्यात नम्रता त्याच्या अंगावर आडवी पडली. तुटका हात तसाच लोंबत होता, तिचं रक्त त्याच्या रक्तात मिसळत होतं. "आई, पुरे," ती म्हणाली.

"हो बाजूला! तुझा हात बघ काय केला यानं!"

"बघितला. आई, याच्या मांडीतून जोरात येतंय. तू मला काय शिकवलंस?"

मी हूक टाकला. काय करणार? माझ्याच तोंडचं वाक्य. हमालाच्या गमछ्यानं तिचा हात करकचून बांधला, आणि मग ज्या मांडीत हूक घातला होता तिच्यावर मूठ ठेवून, सगळं वजन टाकून बसले. अँब्युलन्स येईपर्यंत बसले. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. तो पुटपुटत होता आणि मी त्याला शिव्या देत होते. "मेलास तर याद राख," असं कायसं म्हणत होते.

तो जगला. नम्रताच्या हातावर तीन तास ऑपरेशन चाललं. डाव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत; वाकतील की नाही ते डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, आणि डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत याचा अर्थ मला समजतो.

दुसऱ्या दिवशी राधाबाई आल्या. वॉर्डाच्या दारातच थांबल्या. "पूर्णिमा, मीच सांगितलं गं त्याला," म्हणाल्या. "सकाळी जेवायला वाढत होते. तो म्हणाला, तू का नाही बसत? म्हटलं, माझा उपास आहे, त्या लसणाच्या गाळ्यावरच्या पोरासाठी. तुझ्यासाठीही नम्रतानं काय सुंदर प्रार्थना केली बघ. सगळी प्रार्थना म्हणून दाखवली त्याला. वाटलं, ऐकून पाझरेल. तो ताटावरून उठून गेला." त्यांना धड रडताही येत नव्हतं. मी त्यांना बस म्हटलं नाही. आज लाज वाटते, पण नाही म्हटलं.

नम्रता छताकडे पाहत पडली होती. तशीच म्हणाली, "तुम्ही नाही, राधामावशी. पत्ता मी सांगितला." मग तिनं नागोरावांना बोलवायला लावलं आणि त्यांनाही तेच सांगितलं. खरं तर त्यांना कधी कळलंही नसतं. नागोरावांचा चेहरा लाल झाला. "देवाले पत्ता द्या लागते का, पोरी? त्याले ठाऊक नसते का?" असं म्हणून ते निघून गेले. संध्याकाळी परत आले. एका डब्यात पोहे होते. "शंभूनं धाडले," म्हणाले, "मी नाई आणले."

मग सुरू झाल्या समजुती. हमालांनी पोलिसांना सांगितलं होतं, ताईंनी एकच घाव घातला, पोराच्या हातात कोयता होता, झटापटीत हूक दोन ठिकाणी लागला. शंभूही तेच म्हणाला. साधी, भली माणसं. मला वाचवायला एकमुखानं खोटं बोलली. मंडळीचे वडीलधारे आले. त्यांना मी वाचायला हवी होते आणि चर्चचं नाव पेपरात यायला नको होतं. श्रीनिवास सरही आले, गिटार न घेता. "नम्रता, काही गोष्टी देवावर सोडायच्या असतात," म्हणाले. "तू शॉकमध्ये होतीस. किती घाव ते तुला आठवतही नसेल. ॲक्च्युअली, आठवायची गरजच नाहीये."

"मला आठवतं, सर."

"हो, पण शहाणपण म्हणून एक गोष्ट असते ना."

"सर, तुम्ही सोमवारचं म्हणाला होतात," ती म्हणाली. "आज सोमवार आहे." सर चष्मा पुसत बसले. वाईट माणूस नाही तो, पण त्यांनी शिकवलेलं कोणी खरंच करेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "आई, मी पोलिसांना रविराजचं नाव सांगणार आहे. त्यानं काय केलं ते सगळं. आणि दोन घाव सांगणार आहे. दुसरा कोयता पडल्यावरचा. तुला आधी सांगतेय, मागाहून कळायला नको."

मी तिच्या थोबाडीत मारली. ऑपरेशन झालेल्या पोरीच्या, भर वॉर्डात. स्वतः सिस्टर असूनसुद्धा. "तुझ्यासाठी केलं मी ते!" ओरडले. "माझी नोकरी जाईल, मी आत जाईन, मग तुला कोण बघेल? तुझा देव?"

तिच्या गालावर बोटं उठली. तिनं चेहरा वळवला नाही, रडलीही नाही. "पहिला माझ्यासाठी होता," ती म्हणाली. "दुसरा कशासाठी होता ते तुला माहितीये."

आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. वेणी घालत होते, भरवत होते, पट्टी बघत होते, पण बोलत नव्हते. तिनं पोलिसांना काय सांगितलं ते विचारलंही नाही. रात्री ती डोळे मिटून पडायची आणि ओठ हलायचे. आवाज मात्र यायचा नाही. मोठ्यानं प्रार्थना तिनं सोडली होती. माझं लेकरू, गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशी प्रार्थना करायचं. ते बंद झालेलं पाहून मला वाईट वाटायचं, आणि त्याचाही राग यायचा.

मग मला चौकीतून बोलावणं आलं. नम्रता हट्टानं बरोबर आली, हात गळ्यात अडकवून. फौजदार मॅडम तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि चहा मागवला. चौकीत चहा मागवतात तेव्हा काहीतरी अवघड असतं.

"बाई, तुमच्या केसनं माझं डोकं उठवलंय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नोकरी केली, असं त्रांगडं पाहिलं नाही. हमाल म्हणतात एक घाव. शंभू म्हणतो एक. आणि ही तुमची स्वतःची मुलगी म्हणते दोन, दुसरा तो निःशस्त्र असताना. बरं, म्हटलं, आरोपीला विचारू. त्याला तर हे सोन्यासारखं आहे. त्याच्या वकिलानंही पढवलं होतं, पडलेल्या माणसाला बाईनं भोसकलं असं सांग. कालच त्याचा जबाब घेतला." त्यांनी समोरचा कागद पालथा घातला. "काय म्हणाला असेल?"

मी त्या पालथ्या कागदाकडे पाहिलं.

"एक घाव. कोयता हातात होता. त्या मावशीनं नंतर माझं रक्त थांबवलं, तिला काही करू नका. वर बाकीच्या दोघांची नावंही दिली." मॅडमनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्या चर्चमध्ये शिकवतात तरी काय हो? ज्यानं मारलं तो तुम्हाला वाचवतोय आणि जिला वाचवलं ती तुम्हाला अडकवतेय."

नम्रताच्या तोंडून बारीकसा आवाज आला. रडण्याचा की हसण्याचा, ते मला कळलं नाही. ते नाव ती महिनोन्‌महिने घेत होती. परत आला होता तो, पण कसा? माझ्यासाठी खोटं बोलत आला होता. मेल्याला पहिलं चांगलं काम करायचं तेही धड जमलं नाही. गुडघा धरून माझ्या दारात उभा राहणारा तो पोरगा मला दिसला, आणि पोत्यांना टेकून हात वर करणाराही दिसला. दोघं एकच होते हे मी इतके दिवस स्वतःला कळू दिलं नव्हतं.

मॅडम पुढे वाकल्या, आवाज खाली आणला. "सरळ सांगते. मुलगी जखमी होती, शुद्धीत नव्हती, असं मी धरू शकते. चौघं एक म्हणतायत. तुम्ही एक म्हणालात की स्वसंरक्षण, विषय संपला. दोन म्हणालात तर दुसरा त्यात बसत नाही. केस होईल, नोकरीवर गदा येईल. माझ्या आईच्या जागी असतात तर मी सांगितलं असतं, एक म्हणा आणि घरी जा. तर बोला, किती घाव?"

एक म्हणणं किती सोपं होतं! तोंडातून नुसता श्वास सोडायचा. पण मग घरी गेल्यावर माझी मुलगी सगळ्या जगात एकटी खोटी ठरली असती. तिचीच आई तिला खोटी ठरवणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला धाक घालायचा नाही म्हणून मुद्दाम भिंतीकडे पाहत होती. न वाकणारी दोन बोटं मांडीवर ताठ पडली होती. गालावर माझ्या बोटांची खूण आता नव्हती, तरी मला ती दिसत होती.

"दोन," मी म्हटलं.

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "नीट विचार करून सांगा, बाई."

"दोन. कोयता पडला होता. त्याचे हात रिकामे होते. तो म्हणाला, मावशी नको. ते मला ऐकू आलं होतं." माझा आवाज चढला, चौकीतले लोक वळून पाहू लागले. "तेही लिहा. मला ऐकू आलं होतं, असं लिहा."